रिअलटाइमच्या वाटेला जाऊ नका

प्रश्न : धुळ्यात माझा लहानसा फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे. लगीनसराईत कॉम्प्युटरवर लग्नाच्या व्हिडिओचं एक्सपोर्ट चालू असतं आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी पासपोर्ट फोटोसाठी येतं. फोटोशॉप उघडता उघडत नाही, माऊससुद्धा अडखळतो. मित्र म्हणतो, फोटोशॉपची प्रायॉरिटी रिअलटाइम करून टाक. करू का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : नको. फोटोशॉपला वर चढवण्याऐवजी एक्सपोर्टला खाली उतरवा.

म्हसावद स्टेशनात मालगाडी लूपलाइनवर घेतात आणि मागची एक्स्प्रेस जळगावकडे पुढे काढतात, हे तुम्ही पाहिलं असेल. त्यानं एक्स्प्रेसच्या इंजिनाची ताकद वाढत नाही, तिला वाट तेवढी मोकळी मिळते. प्रायॉरिटीचं काम एवढंच. आणि रूळ रिकामा असला की मालगाडीही बिनदिक्कत धावते. म्हणजे प्रायॉरिटी कमी केली तरी, गिऱ्हाईक नसताना एक्सपोर्ट जवळजवळ पूर्वीच्याच वेळात होईल. ही गोष्ट लोकांना पटत नाही, करून बघा.

टास्क मॅनेजर उघडा (कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून). ‘डीटेल्स’मध्ये एक्सपोर्ट करणाऱ्या प्रोग्रामवर राइट क्लिक करा, ‘सेट प्रायॉरिटी’त ‘बिलो नॉर्मल’ निवडा. झालं.

विंडोज आतून 0 ते 31 अशा पायऱ्या मानतं. साधा प्रोग्राम 8 वर, बिलो नॉर्मल 6 वर, हाय 13 वर आणि रिअलटाइम थेट 24 वर. तिथे बसलेलं काम खुद्द विंडोजच्या कामांनाही मागे सारू शकतं. मग माऊस, कीबोर्ड ताटकळतात. म्हणजे ज्या दुखण्यावर इलाज शोधताय, तेच वाढायचं. अॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार नसतील तर विंडोज रिअलटाइम मागणाऱ्याला गुपचूप हाय देऊन वाटेला लावतं. शहाणपणाच आहे तो.

खालच्या कामाला कायमचं दाबून ठेवणंही बरं नव्हे. 1997 साली मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक मध्येच रीसेट होऊ लागला. हवामानाच्या नोंदी घेणारं कमी प्रायॉरिटीचं काम एका सामाईक साधनाचा ताबा घेऊन बसे. मधल्या प्रायॉरिटीचं काम येऊन त्याला अडवी. आणि त्या साधनासाठी थांबलेलं जास्त निकडीचं काम तसंच खोळंबे. वेळ टळली की संगणक स्वतःला रीसेट करी. इलाज पृथ्वीवरूनच झाला : ताबा धरणाऱ्याला तेवढ्यापुरती, वाट पाहणाऱ्याची प्रायॉरिटी द्यायची. विंडोजचीही आपली एक युक्ती आहे. सुमारे 4 सेकंद उपाशी राहिलेल्या कामाला ते क्षणभर 15 वर नेऊन आपली पाळी घेऊ देतं.

टास्क मॅनेजरमधला बदल प्रोग्राम बंद केला की पुसला जातो. रोजचं काम स्क्रिप्टनं होत असेल, तर कमांडमध्ये प्रोग्रामच्या नावाआधी ‘स्टार्ट /बिलोनॉर्मल’ लिहा, इंग्रजीत आणि दुसरा शब्द सलग. कमी प्रायॉरिटीच्या स्क्रिप्टनं सुरू केलेले प्रोग्रामही आपोआप खालच्याच पायरीवर येतात, प्रत्येकाला वेगळं सांगावं लागत नाही. टास्क शेड्युलरमधून रात्री लावलेली कामं तर मुळातच बिलो नॉर्मलवर चालतात. दुसरी कामं चालू असताना तीच स्क्रिप्ट हातानं चालवली की लवकर संपते, याचं कारण बहुधा हेच. लिनक्सवर हेच काम ‘नाइस’ ही आज्ञा करते, फक्त आकडे उलटे : उणे 20 सर्वांत वरचं, 19 सर्वांत खालचं.

एवढं करूनही फोटोशॉप अडकत असेल, तर टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’मध्ये डिस्क आणि मेमरी बघा. डिस्क 100 टक्क्यांवर असेल किंवा मेमरी भरली असेल, तर प्रोसेसरची पाळी बदलून उपयोग नाही. लग्नाच्या फाइली आणि विंडोज एकाच जुन्या हार्ड डिस्कवर असतील तर आधी विंडोज आणि फोटोशॉप एसएसडीवर हलवा.