विमानात कप्पी कशाला?

प्रश्न : आमच्या लूमच्या खात्यात मोटर, पट्टा नि पुली रोजच पाहतो. विमानातही पुल्या असतात म्हणे. एवढ्या आधुनिक यंत्रात विहिरीवरची कप्पी काय कामाची? तिच्यामुळे वैमानिकाचा जोर वाचतो का?
– एक वाचक, कोसाड (सुरत)

उत्तर : ऐकलेत ते खरे आहे. मात्र तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या पुल्यांची गल्लत झाली आहे, ती आधी सोडवू.

लूमची पुली मोटरची ताकद पट्ट्यावाटे पुढे पोचवते. तसा जोड विमानातही सापडतो. बारामतीत शिकाऊ वैमानिक ज्या सेसना-१७२ वर हात बसवतात, तिच्या इंजिनाला एक पट्टा असतो आणि तो अल्टरनेटर फिरवतो. पण प्रश्नातली दुसरी पुली, म्हणजे कप्पी, विमानात जास्त महत्त्वाची आहे.

वैमानिक बसतो नाकाशी. विमान वर-खाली करणारा एलिव्हेटर असतो शेपटीला आणि कुशीवर कलवणारे एलेरॉन पंखांच्या टोकांकडे. समोरचा दांडा ओढला की ही पाने हलली पाहिजेत. त्यासाठी पोलादी केबल टाकतात. ती सरळ रेषेत नेता येत नाही, वाटेत फरशी, आसने, पंखांचे सांधे येतात. म्हणून जिथे वळण, तिथे कप्पी. शिवाय केबल फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. त्यामुळे पान एका बाजूला न्यायला एक आणि परत आणायला दुसरी, अशी जोडी लागते. युक्ती जुनी आहे. १७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंचे विमान उडाले, तेव्हा वैमानिक पालथा झोपून कमरेखालचा पाळणा डावी-उजवीकडे सरकवत होता आणि कप्प्यांवरून गेलेल्या तारा पंखांची टोके पिळत होत्या.

आता जोराचे. जागेवर खिळलेली कप्पी रतीभरही जोर वाचवत नाही, ओढीची दिशा तेवढी बदलते. शाळेत जोर निम्मा करणारी म्हणून शिकवतात ती सरकती कप्पी, ओझ्याबरोबर वर जाणारी. तिच्यात जोर निम्मा लागतो, पण दोरी दुप्पट ओढावी लागते, आणि वैमानिकाच्या पुढ्यात तेवढी ऐसपैस जागा नसते. जोर कमी करायला तरफा असतात. मोठ्या विमानात ते काम तेलाच्या दाबावर चालणारी हायड्रॉलिक यंत्रणा करते. बोइंग-७३७ मध्ये केबल त्या यंत्रणेला नुसता इशारा देते. मात्र हायड्रॉलिक दाब पूर्ण गेलाच, तर एलेरॉन आणि एलिव्हेटर त्याच केबलने, मनगटाच्या बळावर हलवता येतात. वैमानिकाचा घाम निघतो, पण विमान ताब्यात राहते.

केबल तुटली तर, ही शंका तुम्ही पुढे विचारणारच. सुमारे तीन मिलिमीटर जाडीची केबल, आत १३३ बारीक तारा, आणि ती तुटायला जवळपास ९०० किलोचा ताण लागतो. खरी कटकट असते थंडीची. विमानाचे अंग अ‍ॅल्युमिनियमचे. ते गारठ्यात पोलादापेक्षा जवळपास दुप्पट आकसते. तापमान ६० अंशांनी उतरले, तर ३० मीटर केबलच्या मानाने अंग सुमारे दोन सेंटिमीटर जास्त आखडते आणि केबल सैल पडते. म्हणून मोठ्या विमानांत ताण आपोआप सांभाळणारी योजना असते आणि छोट्या विमानाची केबल ताणताना मिस्त्री त्या दिवसाचे तापमान आधी पाहतो. तपासणीची रीत तर फारच साधी : केबलवरून फडके फिरवायचे. एखादी तार तुटलेली असली की फडके तिथे अडकते. हात फिरवायचा नाही, कापतो! कप्पीवर एकाच जागी खाच पडलेली दिसली, तर ती फिरायची थांबली आहे असे समजायचे आणि बदलायची.

विजेचे संदेश आले तेव्हा कप्प्या मोडीत निघाल्या, हाही गैरसमजच. १९८८ साली सेवेत आलेल्या एअरबस ए-३२० मध्ये दांड्याच्या जागी बाजूची छोटी काठी आली आणि तिचा संदेश संगणकावाटे जाऊ लागला. तरी त्या विमानात पायाच्या पॅडलपासून शेपटीच्या सुकाणूपर्यंत केबल ठेवलीच होती. सगळी वीज गेली तर हाताशी काहीतरी असावे म्हणून.

मगदल्ल्याच्या विमानतळावरून कधी ७३७ ने निघालात, तर पंखाच्या थोडी मागची खिडकी मागून घ्या. विमान वळताना पंखाच्या टोकाकडची जी पट्टी वर-खाली होते, तो एलेरॉन. शेपटीकडे जाणाऱ्या केबल मात्र दिसणार नाहीत, त्या तुमच्या पायांखालून, फरशीच्या आतून गेलेल्या असतात.