विष पचविणाऱ्या जिवाणूंनाही विषबाधा होते



कनेरगाव नाक्याच्या आसपास काय किंवा मराठवाड्यात इतरत्र काय, फवारणी आटोपली की पंप बहुधा विहिरीवरच धुतला जातो. उरलेले औषध तिथेच काठाला ओतले जाते. 'मातीत मुरले म्हणजे संपले' असा समज त्यामागे असतो.

हा समज अर्धा खरा आहे. मातीतील काही जिवाणू क्लोरीनयुक्त रसायनेही मोडतात. आपल्या वडीलधाऱ्यांनी बीएचसी भुकटी पोत्याने वापरली. 1997 मध्ये तिच्यावर बंदी आली. ही बीएचसी मोडणारा जिवाणू कटक येथील भात संशोधकांनी उसाच्या मुळांजवळील मातीतूनच वेगळा केला होता. मात्र बीएचसीतील बीटा नावाचा घटक जिवाणूंनाही सहज पचत नाही. तो वर्षानुवर्षे जमिनीत राहतो.

जिवाणूंच्या पचनशक्तीला मर्यादा आहे, ती अशी. कारखान्यांत यंत्रांच्या भागांवरील वंगण काढण्यासाठी ट्रायक्लोरोइथिलीन हे द्रावक वापरले जात आले आहे. ते भूजलात उतरले तर मिथेन वायूवर जगणारे जिवाणू त्याचे विघटन करू शकतात. पण विघटनात तयार होणारा मधला पदार्थ इतका जहाल असतो की तो त्याच जिवाणूंची विकरे निकामी करतो. जेवण जेवणाऱ्यालाच बाधते! प्राणवायूविना जगणारे काही जिवाणू हेच द्रावक शेवटपर्यंत मोडतात, परंतु पाण्यात थोडे क्लोरोफॉर्म असले तरी त्यांचे काम थंडावते.

आपल्या शेतातील उदाहरण क्लोरपायरीफॉसचे. हुमणी आणि वाळवीसाठी हे कीटकनाशक परिचयाचे आहे. त्याचे विघटन झाले की ट्रायक्लोरोपायरिडिनॉल तयार होते. यातही क्लोरीनचे तीन अणू असतात आणि ते जिवाणूंना मारक ठरते. ते साठले की पुढचे विघटन मंदावते. शेतभर पातळ पसरलेले औषध जिवाणू हळूहळू पचवितात. विहिरीच्या काठी रोज एकाच जागी ओतलेले त्यांना झेपत नाही. त्यात आपली भारी काळी जमीन. उघडिपीत पडलेल्या भेगांतून औषध जिवाणूंच्या थराला वळसा घालून थेट खाली जाते, आणि त्याच विहिरीचे पाणी आपण पितो.

म्हणून द्रावण मोजकेच तयार करावे. पंप शेतातच दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने विसळून ते धुवण त्याच पिकावर फवारावे. पंप भरण्याची व धुण्याची जागा विहीर, नाला व जनावरांच्या हौदापासून दूर ठेवावी.

स्वीडनमधील शेतकरी 1993 पासून यासाठी खास खड्डा वापरतात. सुमारे दोन फूट खोल, तळाशी चिकणमातीचा थर, वर दोन भाग पेंढा, एक भाग माती, एक भाग दलदलीतील कुजलेला पाला, आणि सर्वांवर जिवंत गवत. पेंढ्यावर वाढणारी बुरशी औषधाचे विघटन करते. भर खाली बसली की दरवर्षी पेंढा घालतात. आपल्याकडे असा खड्डा करून पाहायचा तर सोयाबीनचे भुसकट व चांगले कुजलेले कंपोस्ट हाताशी आहेच, पण आपल्या पावसात वर पत्र्याचे छप्पर हवेच. नाहीतर खड्डा भरून वाहील.

हळदीच्या करप्यासाठी वापरलेल्या ताम्रयुक्त औषधाचे धुवण मात्र या खड्ड्यात ओतू नये. तांबे हे मूलद्रव्य आहे. कोणताही जिवाणू ते मोडू शकत नाही. ते साठत जाते आणि खड्ड्यातील जिवाणू व बुरशी दोन्ही मारते.