चाचणी घरची, चाचणी कोर्टाची

वरठीत राहून मी मोहाडी आणि भंडाऱ्याच्या कोर्टांत वकिली करते. पोटगी, फारकत, वारसा ही कामं जास्त. पूर्वी संशयाने पोखरलेला नवरा ऑफिसात आला की तासभर आडवळणं घ्यायचा. आता तो सरळ मोबाइल पुढे करतो. त्यावर डीएनए किटची जाहिरात असते, आणि प्रश्न ठरलेला असतो: "बाई, हे मागवू काय?" त्याला, त्याच्या आईला आणि कधी कधी त्याच्या बायकोलाही मी जे सांगत आले, ते इथे लिहिते आहे. कोणी ओळखू येईल असं काही ठेवलेलं नाही.

१. संशय आला कुठून, ते आधी पाहा.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, नागपूर हा सिकलसेलचा पट्टा. शाळेत नाहीतर शिबिरात लेकराचं रक्त तपासतात, कागदावर 'एसएस', म्हणजे सिकलसेलचा आजार, येतं. कोणीतरी शिकलेला नातेवाईक सांगतो की हा आजार आई आणि बाप दोघांकडून एकेक दोष आला तरच होतो. मग बापाचा जुना कागद शोधला जातो. त्यावर 'निगेटिव्ह' असतं, आणि घरात आग लागते.

खरं तर शिबिरातली पहिली तपासणी ही चाळणी असते, निकाल नव्हे. सोल्युबिलिटी म्हणतात ती चाचणी चुकू शकते. बापाला नुकतंच रक्त चढवलेलं असेल तर पुढची तपासणीही फसवते. शिवाय बाप सिकलसेलचा वाहक नसून थॅलसेमियाचा वाहक असेल, तर लेकराचा अहवाल साध्या इलेक्ट्रोफोरेसिसवर एसएससारखाच दिसू शकतो. म्हणून अशा माणसाला मी आधी सरकारी दवाखान्यात पाठवते: बापाचीही इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून घ्या, मग माझ्याकडे या. काही जण परत आलेच नाहीत, आणि ते न येणं मला बरं वाटलं.

रक्तगटाचंही तसंच. आईबाप दोघं 'ओ' आणि मूल 'ए', म्हणजे संपलंच, असं लोक धरून चालतात. बहुतेक वेळा गट लिहिण्यातच चूक असते. पण आपल्याच मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे यांनी १९५२ साली शोधलेला 'बॉम्बे' रक्तगट आठवा. तो असलेल्या माणसाचं रक्त नेहमीच्या तपासणीत 'ओ' दिसतं, पण 'ए' किंवा 'बी'चं बीज तो लेकराला देऊ शकतो. हे दुर्मीळ आहे. तरी शंभर-दोनशे रुपयांची फेरतपासणी आधी झालेली बरी.

२. उत्तर कोणाला द्यायचं आहे?

यावर सगळं ठरतं. "मले फक्त माह्या मनाची खात्री पायजे," असं म्हणणारा माणूस खरं बोलत असेल तर खासगी चाचणी त्याच्यासाठी आहे. पण पुढच्याच वाक्यात तो "मग पाहतो तिले" म्हणाला, तर त्याला खात्री नको, शस्त्र हवं आहे. ते काम त्या पाकिटाने होत नाही.

३. घरच्या किटचं विज्ञान खरंच असतं.

हे आमचे काही वकीलबंधू कबूल करत नाहीत, पण मला तसं सांगणं अप्रामाणिक वाटतं. १९८४ साली इंग्लंडात अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी डीएनएचा ठसा शोधला. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डॉ. लालजी सिंग यांनी ते तंत्र भारतात उभं केलं, आणि केरळातल्या तलश्शेरीच्या पितृत्वाच्या खटल्यात ते प्रथम कोर्टापुढे आलं. आज बऱ्या प्रयोगशाळा वीसच्या आसपास ठिकाणी बाप आणि मूल यांची जुळणी पाहतात. प्रत्येक ठिकाणी लेकराला एक वाटा आईकडून, एक बापाकडून येतो. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून घेतलेला नमुना असो की रक्त, दोन्हींतला डीएनए तोच.

फरक पडतो तो पाकिटावरच्या नावात. नमुना कोणाचा, हे प्रयोगशाळेला कुठून कळणार? पाठवणाऱ्याने लिहिलं तेच ती छापते, आणि अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरात तसं लिहूनही टाकते. उद्या समोरचा वकील उभा राहून एवढंच विचारील की हा बोळा पुतण्याच्या गालातला नव्हता कशावरून. त्याला उत्तर नाही.

आणखी एक. चोरून पाठवलेले केस बहुतेक वेळा वाया जातात, कारण मुळाशिवायच्या केसात या चाचणीला लागणारा डीएनए जवळपास नसतोच.

४. कोर्टाची चाचणी विकत मिळत नाही.

"कोर्टाला चालणारी किट कोणती?" असं विचारतात. अशी किट नसते. दोन्ही बाजू राजी असतील तर खासगी प्रयोगशाळेतही ओळखपत्र, फोटो, अंगठा, साक्षीदार, सील असं रीतसर नमुना देता येतो. तो अहवाल घरच्या किटपेक्षा कितीतरी वजनदार. पण एक बाजू नाही म्हणत असेल तर कोर्टाचा आदेशच लागतो, आणि तो सहजी मिळत नाही. इथे थोडं थांबून सांगते, कारण गोंधळ इथेच होतो.

कायदा लेकराच्या बाजूने कललेला आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ११२, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६, म्हणतं की लग्न टिकून असताना, किंवा ते मोडल्यावर आईने दुसरं लग्न न करता २८० दिवसांच्या आत, जन्मलेलं मूल औरसच. हा निर्णायक पुरावा. तो मोडायचा एकच रस्ता कायद्याने ठेवला: त्या काळात नवराबायकोला एकत्र येण्याची संधीच नव्हती, हे सिद्ध करणं. कायदा लिहिला तेव्हा डीएनए कोणाच्या स्वप्नातही नव्हता.

आता विदर्भातलंच प्रकरण घ्या. नवरा म्हणत होता की १९९१ नंतर बायकोशी माझा संबंधच नाही. खालच्या कोर्टाने तरी बायकोला महिना ९०० आणि मुलीला ५०० रुपये पोटगी लावली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथल्या आदेशाने आधी नागपूरच्या प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळेत चाचणी झाली आणि मायलेकींच्या विनंतीवरून पुन्हा हैदराबादच्या केंद्रीय प्रयोगशाळेत. दोन्हींत तो बाप नव्हता. जानेवारी २०१४ मध्ये न्या. सी. के. प्रसाद आणि न्या. जगदीशसिंग खेहर यांनी सांगितलं की कायद्याचं गृहीतक आणि विज्ञानाचा पुरावा भिडले तर विज्ञान वरचढ. मुलीची पोटगी थांबली, पण दिलेले पैसे परत मागायचे नाहीत, असंही सांगितलं.

हा निकाल दाखवून लोक म्हणतात, "पाहा, डीएनए चालतो." चालतो, पण आदेश होऊन चाचणी झाल्यावर. आदेश व्हायचाच का, हा आधीचा प्रश्न आहे, आणि त्यावर पुण्याच्या एका दांपत्याचा खटला वाचावा. नवऱ्याने बायकोच्या नकळत दुसऱ्या मुलाची खासगी चाचणी करून घेतलेली होती. अहवाल त्याच्या बाजूने होता. पुण्याच्या कुटुंब न्यायालयाने चाचणीचा आदेश दिला, मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तो कायम ठेवला. २० फेब्रुवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयात न्या. व्ही. रामसुब्रमणियन आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी तो रद्द केला. बायकोचा व्यभिचार सिद्ध करायचा तर दुसरा पुरावा आणा, त्यासाठी लेकराला कामाला लावू नका, असा त्याचा आशय. हातात अनुकूल अहवाल असूनही हे झालं, हे ध्यानात घ्या.

आणि नागपूर खंडपीठ: जुलै २०२५ मध्ये न्या. आर. एम. जोशी यांनी बारा वर्षांच्या मुलाच्या चाचणीचा कुटुंब न्यायालयाचा आदेश रद्द केला. नवऱ्याने व्यभिचाराचा आरोप करून घटस्फोट मागितला होता, पण मूल माझं नाही असं अर्जात स्पष्ट म्हटलंच नव्हतं. आमच्याकडच्या बऱ्याच अर्जांची हीच तऱ्हा असते. आरोप आईवर, शिक्षा पोराला.

५. हजेरीपट बोळ्यापेक्षा मोठा.

संधीच नव्हती हे सिद्ध करायचं, तर रजेच्या नोंदी, कारखान्याचा हजेरीपट, पलटणीतले कागद, पासपोर्टवरचे शिक्के आणा. अर्जासोबत हे असलं तरच न्यायाधीश चाचणीच्या मागणीकडे गंभीरपणे पाहतात. आणि तुम्ही एकाच छपराखाली राहत होता, तर वकिलाची फी वाचवा.

६. लग्न झालेलंच नसेल, तर गोष्ट उलटते.

इथे औरसपणाचं गृहीतक आड येत नाही. बाई म्हणते हाच बाप, पुरुष हात वर करतो. लग्नाबाहेरच्या मुलालाही बापाकडून पोटगी मागता येते, पूर्वी फौजदारी संहितेच्या कलम १२५ खाली, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली. अशा वेळी चाचणी आईचा आधार ठरते, आणि ती कोर्टामार्फतच मागावी. घरच्या किटवर पैसा घालू नये. गावातले मध्यस्थ "आपसात करून घ्या" म्हणतात, तेव्हा मी बहुधा विरोधात असते. आपसातला अहवाल विरुद्ध गेला की तो माणूस नमुनाच नाकारतो, आणि मध्यस्थ त्या दिवशी शेतावर असतात.

प्रकरण अत्याचाराचं असेल तर हा पर्यायच उरत नाही. तिथे पोलीस, सरकारी दवाखाना आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळा, एवढाच मार्ग.

७. सरकारी प्रयोगशाळेचा फायदा साक्षीच्या वेळी कळतो.

फौजदारी प्रक्रियेत सरकारी शास्त्रज्ञाचा अहवाल थेट पुराव्यात वाचता येतो. कोर्टाला वाटलं तरच त्याला बोलावतात. जुनं कलम २९३, नवं ३२९. त्या यादीत मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालकही आहेत. खासगी प्रयोगशाळेच्या तज्ज्ञाला मात्र पिंजऱ्यात उभं राहून अहवाल शाबीत करावा लागतो. दुसऱ्या राज्यातला तज्ज्ञ भंडाऱ्याच्या तारखेला येणार, मग तारीख पुढे जाणार, पुन्हा त्याचा प्रवासखर्च. सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ लागतो, ही तक्रार खरी आहे. तरी मी तोच रस्ता सुचवते.

८. नमुना द्यायला जाताना खर्रा सोडा.

हसू नका. नमुन्याआधी किमान तासभर काही खाऊ-पिऊ नये, तोंड स्वच्छ असावं, एवढी साधी सूचना आमच्याकडे सर्वांत कठीण जाते. बोळा पूर्ण वाळवून कागदी पाकिटात ठेवायचा. प्लास्टिकच्या पिशवीत ओला कोंबला तर बुरशी धरते आणि डीएनए सडतो. बोनमॅरो बदललेला असेल तर आधीच सांगा, रक्तात दात्याचा डीएनए निघतो. आणि जमेल तर आईचाही नमुना द्या. तो असला की लेकराचा कोणता वाटा बापाकडचा, हे नेमकं वेगळं काढता येतं.

९. बाईने चाचणी मागितली तर?

येतात अशाही. सासूच्या टोमण्यांना कंटाळलेली एक पोर म्हणाली, "करूनच टाका, तोंडं बंद होतील." मी तिला विचारलं, अहवाल आल्यावर तू त्या घरात राहणार आहेस का? तिने ते ठरवायला वेळ घेतला. कोर्टात प्रकरण चालू असेल तर पत्नीने राजीखुशीने पुरसिस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, द्यावी, अटी लिहून घ्याव्यात: अहवाल सीलबंद यावा, प्रती वाटू नयेत, खर्च नवऱ्याचा. नकार दिला तर काय, हेही तिला माहीत असावं. २०१४ च्या दुसऱ्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने पत्नीला चाचणी नाकारण्याची मुभा ठेवली होती, पण नकारावरून कोर्ट तिच्याविरुद्ध अनुमान काढू शकेल असंही म्हटलं होतं. पुण्याच्या निकालाने त्या अनुमानाची धार लेकरापुरती बोथट केली.

१०. टक्के वाचायला शिका.

बाप असेल तर अहवाल ९९.९९ च्या पुढे जाईल, शंभर लिहिणार नाही. ते गणित तसंच असतं, त्यात पळवाट शोधू नका. बाप नसेल तर शून्य. एखाद्याच ठिकाणी जुळलं नाही म्हणून बाप नाकारत नाहीत, पिढी बदलताना तिथे क्वचित बदल होतो. अनेक ठिकाणी फरक आला तरच नकार. आणि संशयित दुसरा पुरुष सख्खा भाऊ असेल तर ते प्रयोगशाळेला आधी सांगा. ही गोष्ट लोक वकिलापासूनही लपवतात.

११. लेकरू मोठं होऊन विचारतं, तेव्हा हिशेब वेगळा.

रोहित शेखर यांनी २००८ साली दिल्ली उच्च न्यायालयात एन. डी. तिवारींविरुद्ध दावा लावला. माजी मुख्यमंत्री आणि राज्यपाल राहिलेल्या माणसाचं रक्त अखेर मे २०१२ मध्ये डेहराडूनला घेतलं गेलं आणि जुलैमध्ये ते वडील असल्याचं जाहीर झालं. तिथे मागणारा स्वतः मुलगा होता. बापाने लहानग्याची चाचणी मागणं आणि सज्ञान मुलाने बापाची मागणं, ही दोन प्रकरणं मी एका मापाने मोजत नाही.

१२. व्हिसासाठी असेल तर खासगी किट मागवूच नका. वकिलात सांगेल तीच प्रयोगशाळा, सांगेल त्याच ठिकाणी नमुना.

१३. पत्ता वरठीचा देऊ नका.

एवढं सगळं ऐकूनही खासगी चाचणीच करायची ठरलं, आणि तुमच्या हक्काची गोष्ट आहे, तर पाकीट गावात मागवू नका. कुरिअरवाला पोरगा पत्ता विचारत स्टेशनापासून चार दुकानं फिरतो. अहवाल ई-मेलवर घ्या, बायकोच्या हाती असतो त्या फोनवर किंवा भाच्याने उघडून दिलेल्या खात्यावर नको. आणि उत्तर काहीही आलं तरी ते उघडण्याआधी तुमचं नाव लावणारं लेकरू कोणत्या शाळेत, कोणत्या वर्गात आहे, हे मला सांगून जा. पुढचा अर्ज करायचा की नाही, ते मी तेव्हा बोलते.