राउटर बदलला आणि बॅकअप थांबला

शाळेत नवीन राउटर बसवला. दीड महिन्याने लक्षात आलं की बॅकअप तेव्हापासून बंदच आहे! मधेच संगणक बिघडला असता तर वर्गाच्या दीड महिन्याच्या वर्णनात्मक नोंदी गेल्या असत्या.

झालं काय होतं? नेटवर्क ड्राइव्ह चालूच होता. पण नव्या राउटरने त्याला नवा आयपी पत्ता दिला आणि संगणक जुन्याच पत्त्यावर शोधत राहिला. घर बदललेल्या मुलाला जुन्या पत्त्यावर पत्र पाठवावं, तसंच हे.

विंडोज १० किंवा ११ मध्ये पुन्हा जोडणी अशी करा :

१. राउटरच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या उपकरणांची यादी बघा. तिथे ड्राइव्हचा नवा पत्ता मिळेल.
२. कंट्रोल पॅनेलमध्ये फाइल हिस्टरी उघडा. ‘सिलेक्ट ड्राइव्ह’मधून ‘ॲड नेटवर्क लोकेशन’ निवडून नव्या पत्त्यावरचं फोल्डर द्या.
३. ‘रन नाऊ’ दाबा.
४. राउटरमध्ये तो पत्ता ड्राइव्हसाठी राखून ठेवा, म्हणजे पुन्हा बदलणार नाही.

जुना बॅकअप मात्र लगेच पुसू नका. शेवटी एखादी फाइल बॅकअपमधून परत आणून उघडून बघा. मुलांना आपण ताळा करून बघायला सांगतो ना, तसा हा बॅकअपचा ताळा. दर महिन्याला एकदा तरी करायचाच!