सह्यांच्या आधी वीजबिल

चि. सोनूस,

कॉलेजच्या गच्चीवर सोलर बसवावं म्हणून तुम्ही पोरं सह्या गोळा करताय, हे तुझ्या आईकडून कळलं. फार बरं वाटलं. मागणी रास्त आहे, ती सोडू नकोस. फक्त प्राचार्यांकडे जाशील तेव्हा सह्यांच्या कागदावर कॉलेजचं वीजबिल ठेव.

ऑफिसातून मागच्या बारा महिन्यांची बिलं मागून घे. मंजूर भार किती, कुठल्या महिन्यात किती युनिट पडले, सगळं वहीत उतरव. मग संध्याकाळी वर्ग सुटल्यावर चक्कर मारा. रिकाम्या लॅबमधले पंखे, जुन्या ट्यूबा, रात्रभर जळणारे व्हरांड्यातले दिवे, सगळं मोजा. एक किलोवॉटच्या पॅनेलला साधारण शंभर चौरस फूट गच्ची लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. म्हणजे उधळपट्टी आधी थांबवली, तर पॅनेल कमी लागतील आणि खर्चाचा आकडा संस्थेला झेपेल असा होईल. आणखी एक बघ. आपल्याकडे कडक ऊन एप्रिल-मेमध्ये, आणि नेमकी तेव्हाच कॉलेजला सुट्टी. नेट मीटर असेल तर ती जास्तीची वीज महावितरणकडे जाते आणि पुढच्या बिलांतून वजा होते. म्हणून मागणीपत्रात नेट मीटरचा उल्लेख हवाच. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषात पर्यायी ऊर्जेची विचारणा होत आली आहे, हेही अदबीनं सांग. प्राचार्यांना ते ठाऊक असतंच, पण पोरांनी अभ्यास केलाय हे दिसतं.

एकदा सगळे मिळून शिर्डीला जा. साई संस्थानच्या प्रसादालयावर 2009 पासून 73 सौर तबकड्या आहेत, त्यांच्या वाफेवर हजारो भक्तांचा स्वयंपाक होतो. तबकड्या दिवसभर आपोआप सूर्यामागे वळतात, पण सकाळी त्यांना पूर्वेकडे फिरवायला माणूस लागतो. ढगाळ दिवसासाठी गॅसचा बॉयलरही आहे. तुमच्या गच्चीवरही देखभालीला माणूस कोण, हा प्रश्न येणारच. नगरची धूळ, त्यात उन्हाळ्यात पाण्याची टंचाई. पॅनेल कोण पुसणार? तुमची बॅच तर दोन वर्षांत बाहेर पडेल. एनएसएसच्या कामात ते आत्ताच लिहून घ्या, दरवर्षी नवी पोरं नेमा.

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी असाच पाठपुरावा केला, तेव्हा 2003 साली विद्यापीठानं स्वच्छ ऊर्जेचं धोरण मंजूर केलं. चिकाटीला यश येतं, सोनू.

आणि मोहीम गेटपाशी थांबवू नका. तुझ्या वर्गातल्या किती जणांचे वडील अजून रात्रीच्या लाइटीवर पाणी भरायला जातात, विचार. थंडी, विंचूकाटा, बिबट्या, सगळं अंगावर घेऊन. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, आणि तिच्या सुरुवातीच्या प्रकल्पांसाठी आपल्याच पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी निवडलं गेलं. एनएसएसचं हिवाळी शिबिर जिथे असेल, त्या गावात विचारा: तुमच्या फीडरला दिवसा वीज आहे का? नसेल, तर ग्रामसभेत ठराव मांडायला मदत करा. कॉलेजच्या बिलापेक्षा मला ते काम मोठं वाटतं.

दिवाळीला येशील तेव्हा बिलांच्या झेरॉक्स आण. हिशेब आपण बसून करू.

तुझा मामा