दुधाची वाटी आधी उचल

मांजराच्या पिल्लाला ढाळ लागलेत म्हणालीस, तेव्हा मी पहिलं विचारलं : त्याच्या वाटीत काय आहे? उत्तर मला ठाऊकच होतं. दूध. आपल्या नगर जिल्ह्यात, आता कागदोपत्री अहिल्यानगरमध्ये, दुसरं काय असणार? संगमनेर घे, राहाता घे, अकोले घे, सकाळ-संध्याकाळ डेअरीवर कॅन घेऊन माणसं उभी असतात. होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ गाय तयार झाली ती आपल्याच राहुरीच्या कृषी विद्यापीठात. अशा मुलखात दारात आलेल्या पिल्लापुढे दूध ठेवणार, त्यात भाकरी नाहीतर बिस्किट कुस्करणार, हे ठरलेलंच. माया खरी असते गं, पण पोट बऱ्याचदा तिथूनच बिघडतं.

त्याचं कारण समजून घे, म्हणजे घरच्यांना सांगता येईल. दुधात लॅक्टोज नावाची साखर असते. ती पचवण्याची ताकद पिल्लाच्या आतड्यात जन्मतः असते, पण आईचं दूध सुटत जातं तशी ती ओसरते. मग न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते, आंबते, आणि पातळ शी सुरू होते. शिवाय मांजरीच्या दुधात गायीच्या दुधापेक्षा प्रथिनं जवळजवळ दुप्पट असतात, म्हणजे गायीच्या दुधावर पिल्लाचं नीट पोषणही होत नाही. पाणी घालून दूध दिलं तर ते आणखीच निकस होतं. म्हशीचं किंवा शेळीचं देऊन बघू म्हणशील, तर लॅक्टोज त्यांतही आहेच.

घरातल्या आजी म्हणतील, ‘आमच्या मांजरी दुधावरच वाढल्या.’ त्यांच्याशी वाद घालू नकोस. पण त्या मांजरी दिवसभर कणगीमागे उंदीर खायच्या, दूध वरकड असायचं. आणि जी पिल्लं वाढली नाहीत, त्यांचा हिशोब कुणी ठेवला?

आता पिल्लाचं वय बघ. डोळे साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात उघडतात, दुधाचे दात तीन-चार आठवड्यांनी दिसू लागतात. दात नसतील तर त्याला दूधच लागणार, पण ते मांजराच्या पिल्लांसाठीची पावडर कालवून केलेलं. पाजताना त्याला पोटावर ठेव, बाळासारखं उताणं धरून पाजलं तर दूध फुप्फुसात जातं. अंग गार लागत असेल तर आधी ऊब दे, मग पाज. एवढ्या लहानग्याला ढाळ लागले असतील, तर घरी उपाय करत बसू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरकडे ने.

तुझं दोन महिन्यांच्या पुढचं आहे, खेळतंय, खायला मागतंय म्हणतेस, मग एक दिवस घरी बघायला हरकत नाही. दूध पूर्ण बंद कर. दही, ताक, खरवससुद्धा नको. उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे, त्याच पाण्यात भिजवून, थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा दे. त्यात मीठ, हळद, मसाला काही नको, आणि कांदा-लसूण तर मुळीच नको, त्यानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणजे आपल्या रश्श्यातली फोड धुऊन देणंही नाही. पिल्लांचं विकतचं खाणं आणलं असशील तर ते एकदम बदलू नकोस. जुन्यात नवं वाढवत आठवडाभरात बदल कर. स्वच्छ पाणी कायम समोर ठेव. ‘पोटाला आराम’ म्हणून उपाशी मात्र ठेवू नकोस. मोठ्या माणसाला लंघन मानवतं, पिल्लाच्या अंगात साठा नसतो, रक्तातली साखर उतरून ते गळून पडतं.

दुसरा संशय जंतांचा. आईच्या दुधातूनच ते पिल्लात येतात, त्यामुळे ‘आमचं पिल्लू घराबाहेर गेलंच नाही’ याला अर्थ नाही. अंग काटकुळं आणि पोट फुगलेलं दिसलं, तर जंत धर. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी, दोन महिन्यांनंतर दर महिन्याला, असं सहा महिन्यांचं होईपर्यंत जंताचं औषध द्यायचं असतं. ते वजनावर ठरतं. म्हणून स्वयंपाकघरातला वजनकाटा काढ, त्यावर डबा ठेवून पिल्लाचं रोज वजन घे आणि लिहून ठेव. महिन्याला जवळपास साडेचारशे ते पाचशे ग्रॅम, या हिशेबानं दोन महिन्यांचं पिल्लू किलोच्या आसपास असतं. वजन घटत चाललं, तर बाकी काहीही चांगलं दिसो, गडबड आहे. आणि गोठ्यात शेळ्यांसाठी ठेवलेल्या बाटलीतलं औषध अंदाजानं पाजू नकोस.

औषधांचं जरा कडक सांगते. पॅरासिटामॉलची एक गोळी मोठ्या मांजराचाही जीव घेते. आपल्या घरात ढाळ थांबवायला जी गोळी असते तीही नको. गोठ्यात गोचिडांसाठी फवारतात ते औषध अंगावर पडलं, तर मांजर थरथरायला लागतं, लाळ गाळतं. त्यांच्या शरीराला ते विष मोडता येत नाही. फिनेलचंही तसंच. पिल्लानं घाण केलेली फरशी फिनेलनं पुसलीस आणि त्यानं पाय चाटले, तर ते पोटात गेलं. साबणाच्या पाण्यानं पुस.

आता थांबायचं नाही अशी वेळ कोणती ते ऐक. शीमध्ये रक्त किंवा उलटी, अन्न पुढे केल्यावर तोंड फिरवणं, निपचित पडणं, कान-पंजे गार लागणं, हिरड्या पांढऱ्या किंवा कोरड्या पडणं. मानेजवळची कातडी हलकेच उचलून सोड. ती लगेच जागेवर गेली नाही, तर अंगातलं पाणी आटलंय. यातलं एक दिसलं तरी निघ. लस न घेतलेल्या पिल्लात यामागे पार्वोही असू शकतो, म्हणजे मांजरांचा पॅनल्युकोपेनिया, आणि तो एक-दोन दिवसांत पिल्लू नेतो. त्याची लस साधारण आठव्या आठवड्यापासून सुरू होते आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा द्यावी लागते. त्याचा विषाणू घरात वर्षभरही टिकतो, म्हणून अशा घरात लस न घेतलेलं दुसरं पिल्लू लगेच आणायचं नाही.

जायचं कुठे? तालुक्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, आणि फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा मोफत क्रमांक आहे. पण आपल्याकडच्या डॉक्टरांचा दिवस गायींची रेतनं, कासदाह, खुरकूत यातच जातो. म्हणून निघण्याआधी फोन करून विचार, ‘मांजर बघता का?’ नाही म्हणाले, तर मांजरं-कुत्री बघणारा खासगी दवाखाना कुठला, हेही त्यांनाच विचार. जाताना छोट्या डबीत ताजी शी ने, वजनाची वही ने, काय काय खाऊ घातलं ते खरं सांग. दूध घातलं हे सांगायला लाजू नकोस. पिल्लाला झाकणाच्या टोपलीत ने. मोटरसायकलवर मांडीत धरून नेलं तर पहिल्याच हॉर्नला उडी मारेल.

घरात गरोदर कुणी असेल, तर तिला शीचं तबक साफ करू देऊ नकोस, दुसऱ्यानं रोजच्या रोज करावं. मांजराच्या शीतल्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीला संसर्ग करण्याजोगं व्हायला एक दिवस तरी लागतो, म्हणून ‘रोज’ महत्त्वाचं. पोरांना पिल्लू हाताळल्यावर हात धुवायला लाव.

तेव्हा आज वाटी उचल, पाणी ठेव, संध्याकाळी वजन घे. उद्या दुपारपर्यंत शी घट्ट होऊ लागली नाही, किंवा त्याआधीच त्यानं खाणं सोडलं, तर मला विचारायलाही थांबू नकोस. पिल्लू घे आणि दवाखाना गाठ.