मुलाला ‘उपचारां’साठी ठेवावं का?

प्रश्न : माझ्या २० वर्षांच्या मुलाने घरी सांगितलं, की त्याला मुलग्यांबद्दलच आकर्षण वाटतं. माझा भाऊ म्हणतो, व्यसनमुक्ती केंद्रात काही महिने ठेवू, सुधारेल. सासूबाई देवऋष्याकडे न्या म्हणतात. उपचारांनी हे बदलतं का?
– एक आई, पौड (ता. मुळशी)

उत्तर : नाही बदलत, ताई. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. त्याआधी डॉक्टरांनी सगळं करून पाहिलं होतं. पुरुषांची चित्रं दाखवून विजेचे झटके दिले, ओकारी येणारी औषधं दिली. आकर्षण गेलं नाही. मागे राहिली ती स्वतःची किळस, नैराश्य आणि जीव द्यायचे विचार.

केंद्राचं मात्र मनातून काढूनच टाका. मे २०२० मध्ये केरळच्या एका २१ वर्षांच्या विद्यार्थिनीचा गोव्यात मृत्यू झाला. त्याआधी तिने एका व्हिडिओत सांगितलं होतं, की घरच्यांनी तिला बळजबरीने अशाच केंद्रांत ठेवलं, औषधं टोचली. तुमचा मुलगा सज्ञान आहे. त्याला मनाविरुद्ध डांबणं हा गुन्हा आहे. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणाऱ्या देवऋष्याला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो. आणि कुणी डॉक्टर ‘बरं करतो’ म्हणाला, तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करा. असे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये राज्यांच्या परिषदांना कळवलं आहे.

हे घडलं मद्रास उच्च न्यायालयामुळे. एकमेकींबरोबर राहणाऱ्या दोन तरुणींनी आईवडिलांपासून संरक्षण मागितलं होतं. न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी २०२१ मध्ये निकाल देण्याआधी, आपल्याला हा विषय पुरता कळत नाही असं सांगून, स्वतः मानसशास्त्रज्ञाचं मार्गदर्शन घेतलं. मला हे फार मोलाचं वाटतं. समुपदेशन लागलंच तर ते आधी आपल्याला, मोठ्या माणसांना लागतं.

आता कुणीतरी ‘लग्न लावून टाका’ म्हणेल. कृपा करून तसं करू नका. त्यात दुसऱ्या घरच्या मुलीचंही आयुष्य मोडतं.

पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या समपथिक ट्रस्टचं काम याच विषयातलं आहे. खिऱ्यांनी मराठीत बरंच लिहिलंय, ते आधी तुम्ही वाचा, मग भावाला द्या. मुलगा जेवेनासा झाला, खोलीतून बाहेर येईना किंवा मरणाचं बोलू लागला, तर थांबू नका. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येतं. आणि केंद्राचा बेत रद्द झालाय, हे त्याला आजच सांगा.